दिवेघरातली वजाबाकी

बावीस वर्षं मी खिडकीतून दिवे दिले.
पितळी बिल्ला घ्यायचा, खुंटीला अडकवायचा,
भारलेला दिवा हातात ठेवायचा.
तोंडाकडे बघायला वेळ नसे; नंबरावरून माणूस कळे.
तीनशे अठरा खोकायचा.
दोनशे सातच्या श्वासाला आदल्या रात्रीची दारू.
पाळी सुटली की उलटं : दिवा आत, बिल्ला बाहेर,
आणि शेवटी खुंट्यांवरून नजर.
गेलेले वजा आलेले.
उत्तर शून्य यायला हवं.

मग खाण बंद झाली.
तोंडावर काँक्रीट ओतलं, बँड वाजला,
कुणीतरी लांबून येऊन भाषण करून गेलं.
जिऊ नदी, माझ्या जन्मापासून काळी,
दोन वर्षांत इतकी नितळ झाली
की तळातले दगड दिसू लागले
आणि आम्हाला तिच्याकडे बघवेना.

घाटापलीकडे गाड्यांच्या वायरी गुंफायचा कारखाना निघाला.
तिथली मुलगी (नखं निळी, स्वभावाने चांगली)
म्हणाली, मावशी, कितवी?
म्हटलं, आठवी. पण बावीस वर्षांत
एक दिवा हरवू दिला नाही.
खरंय हो, ती म्हणाली
आणि पडद्यावर बोट ठेवलं : हा रकाना आहे ना,
हा भरला नाही तर अर्ज पुढे सरकतच नाही.

राग आला. परतीच्या बसमध्ये सगळा रस्ता राग आला.
रकाना केवढा, तर माझ्या नखाएवढा.

रात्रशाळा प्राथमिकच्या वर्गात भरते.
बाकं एवढीशी की गुडघे हनुवटीला.
भिंतीवर पोरांनी काढलेली साळिंदरं, पाठीवर सफरचंदं घेतलेली.
हजेरी झाली : मोल्दोवान अग्लाया.
मी मागे वळून पाहिलं, कोण ती.

तिबेरिऊ सुरुंग लावायचा. अपूर्णांकांच्या दिवशी
त्याने दोन्ही पंजे वर केले : दहापैकी आठ.
ओझानाबाई, सव्वीसची पोर, गप्प झाली.
तोच म्हणाला, चार पंचमांश, बाई. संक्षेप करून दिलाय.
वर्ग हसला. तीही हसली,
मग बराच वेळ खडू शोधत राहिली.

पुढे समीकरणं आली. फळ्यावर क्ष.
जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं,
मग जे माहीत आहे ते त्याच्याभोवती मांडायचं.
अ वजा ब बरोबर क्ष.
मी पेन खाली ठेवलं.
हे तर मी केलं होतं, दिवसातून तीनदा,
बिल्ल्यांनी, कुणी न शिकवता.
एकदाच, त्या नोव्हेंबरात, क्ष चार आला होता.
खुंट्या पुन्हा मोजल्या. पुन्हा.
चौघांच्या बायका खिडकीशी उभ्या होत्या
आणि मला उत्तर येत होतं.

मुलगा स्पेनमध्ये फरशा बसवतो. फोनवर म्हणतो,
आई, या वयात? एका कागदासाठी?
हो, कागदासाठी. कागदाला नावं ठेवू नकोस;
मला जे येत होतं त्याला त्यानेच नाव ठेवलं.
हातातलं शहाणपण त्या खिडकीपुरतं होतं,
खिडकी विटांनी बुजवली, तेही आत राहिलं.
नाव असतं तर माझ्याबरोबर घाट चढून आलं असतं.
तुलाही कोन डोळ्याने कळतो रे,
पण मापाची वही दुसऱ्याच्या खिशात असते ना?
तो बोलला नाही. रेंज गेली,
की त्यानेच ठेवला, कोण जाणे.

कारखाना तरी टिकेल का, ठाऊक नाही.
म्हणतात, उद्या वायरीही यंत्रच गुंफणार.
ओझानाबाईला विचारलं, मग या सगळ्याचं काय?
ती खोटं बोलली नाही.
म्हणाली, मग पुढचं काहीतरी शिकावं लागेल.
थोडं थांबून म्हणाली, पण शिकायची सवय तर राहील.

आज घरी सात गणितं दिलीत.
सहा झाली. सातव्यात एक टाकी आहे,
एका नळाने भरतेय, दुसऱ्याने गळतेय,
आणि विचारलंय, किती वेळात.
शेगडीवर मक्याचं पीठ खदखदतंय, बुडाला लागणार.
लागू दे.
अजून एकच ओळ.